धुडकावणीचे व्याकरण : यवतमाळची वऱ्हाडी आणि बोली चिनी

एखादी गोष्ट मोजण्याच्याही लायकीची नाही असे सांगायचे असेल तर मराठी माणूस ते कसे सांगतो, या प्रश्नाला शालेय व्याकरणाचे उत्तर ठरलेले आहे. केवलप्रयोगी अव्ययांच्या यादीत तिरस्कारदर्शक असा एक गट असतो, त्यात छी, शी, थू, हुडुत अशी चार-पाच अव्यये दिलेली असतात आणि विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्ष बोलण्याकडे कान दिला तर 'हुडुत' म्हणणारा माणूस शोधूनही सापडत नाही. उलट ज्याला एखादी गोष्ट उडवून लावायची असते तो साधा प्रश्न विचारतो, क्रियापद कर्त्याच्या आधी आणतो, अजून न घडलेल्या गोष्टीला भूतकाळ लावतो, चांगल्या नामाला एक निरर्थक जोडीदार चिकटवतो, आणि यांपैकी एकाही वाक्यात तिरस्काराचा म्हणावा असा शब्द नसतो. तिरस्कार वाक्याच्या बांधणीत असतो, म्हणून शब्दकोश चाळून तो हाती लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडीत ही बांधणी कशी होते आणि हजारो मैलांवरच्या बोली चिनीत त्याच कामासाठी कोणती साधने वापरतात, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रारंभी संज्ञेचा खुलासा करणे आवश्यक आहे. येथे 'धुडकावणी' हा शब्द शिवी किंवा अपमान या अर्थाने घेतलेला नाही. शिवी समोरच्याला लागावी म्हणून दिली जाते, म्हणजे देणाऱ्याने त्याची दखल घेतलेली असते. धुडकावणीत दखलच नाकारली जाते. धुडकावणीचे लक्ष्य माणूसच असते असेही नाही. ती एखाद्या दाव्याची, वस्तूची, भीतीची, दुखण्याची किंवा स्वतःच्या स्तुतीचीही असू शकते, आणि या शेवटच्या प्रकारात ती चक्क विनयाचे रूप घेते. स्तुती झाली की मराठी माणूस 'कसचं कसचं' म्हणतो. चिनी माणूस पिढ्यान्‌पिढ्या 'नाली नाली' म्हणत आला, ज्याचा शब्दशः अर्थ 'कुठे, कुठे' असा आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्नार्थक शब्दाची द्विरुक्ती आहे, दोन्ही ठिकाणी उत्तराची अपेक्षा नाही, आणि नकाराचा शब्द दोन्हीकडे गैरहजर आहे.

तुलनेसाठी चिनीच का, ही शंका रास्त आहे, कारण ही भाषा मराठीच्या कुळातली नाही आणि शेजारचीही नाही. मराठी माणसाचा तिच्याशी आलेला संबंधही तुरळकच म्हणावा लागेल. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे महाराष्ट्रातून गेलेले होते, आणि त्यांतले कोटणीस १९४२ मध्ये तिथेच मृत्यू येईपर्यंत चिनी बोलण्यात तरबेज झाले होते, एवढी एक ठळक नोंद देता येते. तुलनेचे खरे कारण वेगळे आहे. परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्याची मोठी परंपरा विसाव्या शतकात उभी राहिली, आणि परक्याला शिकवायचे म्हटले की जे घरच्या माणसाला न सांगता येते तेही नियमात मांडावे लागते. चाव युआन-रन यांचे बोली चिनीचे व्याकरण १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले, ल्यू शू-श्यांग यांच्या संपादनाखालचा आधुनिक चिनीतील आठशे शब्दांचा कोश १९८० मध्ये आला. अशा ग्रंथांनी बोलण्यातल्या बारीकसारीक निपातांना, म्हणजे स्वतंत्र अर्थ नसून वाक्याला रंग देणाऱ्या छोट्या शब्दांना, व्याकरणात मानाची जागा दिली. चिनी पाठ्यपुस्तकांत 'फान्-वन्-ज्यू', म्हणजे उत्तराची अपेक्षा नसलेले उलटप्रश्न, हा शिकवण्याचा नेहमीचा विषय असतो. मराठीला मात्र आपली बोली परक्याला शिकवण्याची निकड फारशी कधी भासली नाही, आणि त्यामुळे असे विषय कानाने शिकायचे म्हणून मागे राहिले.

यवतमाळची निवड करण्यामागे या जिल्ह्याची भाषिक ठेवण आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६४ मध्ये त्यातला यवतमाळचा मुलूख वेगळा जिल्हा झाला, पुढे वणीच्या नावावरून तो ओळखला गेला, आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पश्चिमेकडे दारव्हा, दिग्रस आणि पुसद या भागांत वऱ्हाडी आहे. उमरखेडकडे पैनगंगेच्या काठाने मराठवाड्याचे वळण लागते. वणीच्या बाजूला वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरची आणि नागपुरीची छटा मिसळते. पांढरकवडा, मारेगाव आणि झरी-जामणी या पट्ट्यात गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा नांदतात, दक्षिण सीमेवर तेलुगू कानावर येते, आणि तांड्यांवर बंजारा बोली आहे. अनेक भाषा एकाच बाजारात भेटतात तेव्हा व्यवहाराची वाक्ये सर्वांना लवकर येतात. धुडकावणीची वाक्ये ऐकू मात्र पहिल्या दिवसापासून येतात आणि वापरता सर्वांत शेवटी येतात.

योगायोग असा की जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले त्याच १९०५ साली ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड प्रसिद्ध झाला. बोलींचे नमुने गोळा करताना या सर्वेक्षणाने बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून आपापल्या बोलीत सांगून घेतली. अशा बोधपर गोष्टीत धुडकावणीला वाव कितीसा असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या गोष्टीत एक जागा आहेच. थोरला मुलगा बापाशी भांडताना धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, तो त्याचा उल्लेख बापाचा मुलगा म्हणून करतो. नाते ऐकणाऱ्याच्या पदरात टाकून स्वतः बाजूला व्हायचे, ही युक्ती वऱ्हाडीत आजही रोजची आहे: 'तो तुया मास्तर काय म्हनते?' या वाक्यात 'तुया', म्हणजे 'तुझा', हा शब्द मालकी सांगत नाही. मास्तराशी आपला काही संबंध नाही एवढेच सांगतो. चिनीत 'नी नागऽ', म्हणजे 'तुझा तो', नामाच्या आधी लावून हाच दुरावा साधता येतो.

वऱ्हाडीच्या धुडकावणीचा कणा म्हणजे 'काय' या सर्वनामापासून झालेला 'कायचा' हा शब्द. थांब्यावर ताटकळलेल्या माणसाला कोणी गाडीबद्दल विचारले तर 'कायची येते आता गाडी!' असे उत्तर मिळते. प्रमाण मराठीत याला 'कसली येतेय आता गाडी' असा जवळचा पर्याय आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य फार मजेचे आहे, कारण 'कायची' हे रूप लिंग-वचनाने गाडीशी जुळते (कायचा पाऊस, कायची गाडी, कायचं पानी), पण नाकारले जाते ते गाडीला नव्हे, येण्याला. शब्द जडतो एकाला आणि घाव बसतो दुसऱ्याला. शिवाय 'गाडी कायची येते' असा क्रम केला, म्हणजे नाम विशेषणाच्या आधी आणले, तरी अर्थ बिघडत नाही. क्रियापद होकारार्थीच ठेवावे लागते. त्यात 'नाई' घातले की पारडे एकदम उलटते, आणि 'कायची येत नाई!' याचा अर्थ 'येईलच येईल' असा होतो. नव्याने भाषा शिकणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते, कारण नकार ऐकू येतो तिथे होकार असतो आणि होकार ऐकू येतो तिथे नकार.

चिनीत हे काम 'शन्मऽ', म्हणजे 'काय', हा शब्द करतो. कोणी एखादी वस्तू चांगली आहे म्हटले आणि ते खोडून काढायचे असले तर 'हाओ शन्मऽ हाओ' म्हणतात. 'हाओ' म्हणजे चांगले, आणि तोच शब्द दोनदा म्हणून मध्ये 'काय' ठेवला की चांगुलपणाचा निकाल लागतो. समोरच्याचाच शब्द उचलून त्याच्या तोंडावर परत ठेवण्याची ही रीत आहे. वऱ्हाडी माणूस 'कायचं चांगलं!' म्हणताना तेच करतो, मात्र त्याला शब्द दोनदा म्हणावा लागत नाही, कारण 'कायचं' या रूपातच तो सांधा तयार आहे. क्रियापद दोन्हीकडे होकारार्थी राहते. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसताना प्रश्नार्थक सर्वनामाने नकाराची जागा घ्यावी, हे केवळ योगायोगाने घडते असे मानणे कठीण आहे. ज्याला उत्तर नाही असा प्रश्न विचारला की उत्तराची रिकामी जागाच नकार बनते, आणि ही सोय कोणत्याही भाषेला उपलब्ध असते. फरक पडतो तो ती सोय व्याकरणात किती खोल मुरली यात.

दुसरी रचना प्रतिध्वनिशब्दांची आहे. नामाचे पहिले अक्षर बदलून त्याचा एक पोकळ पडसाद शेजारी ठेवणे, जसे चहाबिहा, शाळाबिळा, पैसेबिसे, ही भारतातील बहुतेक भाषांची सवय आहे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडताना जे पुरावे दिले त्यांत तिचा समावेश होता. मराठीत पडसाद 'बि'ने सुरू होतो, तेलुगू आणि कोलामीसारख्या द्राविडी भाषांत 'गि'ने. यवतमाळच्या संदर्भात हे सांगण्याचे विशेष कारण असे की कोलामीचे पहिले सविस्तर व्याकरण याच एमेनो यांनी लिहिले आणि ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला, माणूस मारेगावच्या बाजारात येतो तेव्हा पडसादाची रीत त्याला नवीन नसते, फक्त व्यंजन बदलावे लागते. व्याकरणात या शब्दांचा अर्थ 'वगैरे' असा दिला जातो आणि तो खराही आहे, कारण 'चहाबिहा घ्या' या आग्रहात कसलाही हेटाळणीचा भाव नाही. पण 'शाळाबिळा काय करतं, ढोरं कोन पाहीन?' या वाक्यात तोच पडसाद शाळेची किंमत उतरवतो. एकाच रूपाचे हे दोन अर्थ वेगळे कसे ओळखायचे? प्रश्नार्थक शब्द किंवा नकार सोबत आला की धुडकावणी, आग्रह किंवा आज्ञा आली की 'वगैरे', असा ढोबळ नियम सांगता येतो, आणि 'रडूबिडू नोको' यासारखी वाक्ये त्या नियमाला लगेच वाकवतात, कारण तिथे नकार आहे, धुडकावणीही आहे, पण ती रडण्याच्या कारणाची आहे आणि बोलणारी माय मुलाला जवळच घेत असते. चिनीत अक्षर बदलून पडसाद करण्याची ही रीत नाही, तरी 'शन्मऽ छ्येन् बू छ्येन् दऽ' अशी रचना आहे: 'छ्येन्' म्हणजे पैसा, 'बू' म्हणजे नाही, आणि 'काय पैसा-नाहीपैसा' असे म्हटले की मराठीतले 'पैसेबिसे काय घेऊन बसलास' तंतोतंत उतरते. पडसादाची जागा तिथे नकाराने भरून काढली आहे.

तिसरी रचना काळाची. 'गेला उडत' हे मराठीभर चालते, आणि ज्याच्याबद्दल ते म्हटले जाते तो बहुधा कुठेही गेलेला नसतो. भूतकाळ वापरून गोष्ट झाल्यातच जमा केली की तिच्याविषयी काळजी करण्याचे कारण उरत नाही. 'आला तं आला, नाई तं नाई' या वऱ्हाडी वाक्यातही भूतकाळाचे रूप अटीच्या जागी बसलेले आहे आणि क्रियापदाची द्विरुक्ती 'तं', म्हणजे 'तर', या शब्दाने सांधली आहे. चिनीत हरवलेल्या वस्तूबद्दल 'द्यूऽलऽ ज्यू द्यूऽलऽ' म्हणतात, म्हणजे 'हरवलं तर हरवलं'. त्यातला 'ज्यू' नेमका 'तर'चे काम करतो आणि 'लऽ' घडून गेल्याची खूण आहे. इच्छेला सोडून देण्यासाठी 'आय् लाय् बू लाय्' अशी चार अक्षरांची आखीव रचना आहे, 'यावंसं वाटलं तर ये, नाहीतर नको' या अर्थाची. प्रमाण मराठीत याच वृत्तीसाठी 'म्हणेनात का लोक', 'जाईना का' असा 'ना का'चा प्रयोग आहे. वऱ्हाडी त्या ठिकाणी 'म्हनू दे ना', 'जाऊ दे ना' पसंत करते. परवानगीचे क्रियापद वापरून परवा नसल्याचे सांगणे ही या बोलीची खास लकब म्हटली पाहिजे.

या रचना सुट्या पाहिल्या तर कवायतीसारख्या दिसतात. बाजारात त्या एकापाठोपाठ एक येतात. कापसाच्या खरेदीतील पुढील बोलणे नमुन्यादाखल रचले आहे. व्यापारी ढिगातला मूठभर कापूस उचलतो आणि म्हणतो, 'हा का कापूस हाय?' शेतकरी म्हणतो, 'मंग काय हाय?' 'अर्धी कवडी हाय. याले कोन भाव देते?' 'नाई देत तं राहू दे. मोठा आला भाव देनारा!' कवडी म्हणजे किडका, डाग पडलेला, पुरता न उमललेला कापूस. व्यापाऱ्याच्या तीन वाक्यांपैकी दोन प्रश्न आहेत, आणि ज्या कापसाला कोणी भाव देत नाही म्हणतो त्याचीच बोली तो स्वतः लावायला उभा आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. शेतकऱ्याचे पहिले उत्तर प्रश्नाला खराखुरा प्रश्न मानून दिलेले आहे, आणि उलटप्रश्नाला नामोहरम करण्याचा तो सर्वांत जुना उपाय आहे. शेवटच्या वाक्यात 'आला' हा भूतकाळ सकाळपासून तिथेच बसलेल्या माणसाला लावलेला आहे, क्रियापद नामाच्या आधी आलेले आहे आणि 'मोठा' याचा अर्थ लहान असा आहे. क्रम सरळ करून 'भाव देणारा मोठा माणूस आला' म्हटले तर ते स्वागत होईल. चिनीत पात्रतेची अशी खिल्ली 'हाय् … नऽ' या जोडीने उडवतात: 'हाय् दाश्युएशंग नऽ' म्हणजे 'म्हणे कॉलेजात शिकतो!', आणि मराठीतल्या त्या 'म्हणे'कडेही लक्ष दिले पाहिजे, कारण ऐकीव बातमीची खूण असलेले हे क्रियापद वाक्याच्या आरंभी आले की बातमीचीच टर उडवते.

कोण कोणाला काय धुडकावू शकतो, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा मानण्याची प्रथा आहे. ती येथे पाळलेली नाही. वऱ्हाडीत संबोधनाचे निपात ठरलेले आहेत: बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला 'बे', जवळिकीने 'गा', बाईला 'वं', आणि वडीलधाऱ्याला, विशेषतः जिल्ह्याच्या पूर्व भागात, 'जी'. 'जाय ना बे' हे वरून खाली किंवा सारख्या पातळीवरच जाते. वर्षाच्या करारावर शेतीत राबणारा सालदार मालकाला ते म्हणू शकत नाही. म्हणून तो मुकाट राहतो असे मात्र नाही; 'आता कायचा पाऊस येते जी!' या वाक्यात त्याने मालकाची पेरणीची आशा पुरती मोडीत काढलेली असते, आणि तरीही धक्का पावसाला लागलेला असतो. खालच्या माणसाची धुडकावणी वस्तूंवर, हवामानावर, सरकारवर आणि नशिबावर चालते, वरच्याची थेट माणसावर. 'कायचा' या रचनेत शब्द एकाला जडतो आणि घाव दुसऱ्याला बसतो हे वर दाखवले आहे; दुबळ्याच्या तोंडी ही रचना इतकी का असते याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

परक्या कानाला या बोलीत तिरस्कार जिथे नाही तिथेही ऐकू येतो, हेही नोंदवणे भाग आहे. पुण्याकडून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला 'काय करून राहिला?' हा प्रश्न हटकल्यासारखा वाटतो, वास्तविक तो चालू वर्तमानकाळ आहे आणि त्यात चौकशीपलीकडे काही नाही. आईला, आजीला, गावातल्या म्हाताऱ्याला 'तू' म्हणणे हा इथल्या घरांतला नेहमीचा वापर आहे. उलट बाजूने, आश्रमशाळेत पुस्तकी मराठी शिकलेल्या कोलाम किंवा गोंड मुलाला 'कोण भाव देतो?' या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावेसे वाटले तर तो दोष त्याचा नव्हे, पुस्तकाचा आहे. अशा विद्यार्थ्यासाठी वेगळे पाठ लिहायला हवेत.

साहित्यात या बोलीचा पुरावा विपुल आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० च्या कादंबरीत वऱ्हाडी संवाद आहेत, आणि यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबचे कवी शंकर बडे यांनी 'अस्सा वऱ्हाडी माणूस' या कार्यक्रमातून ती बोली रंगमंचावर नेली. मात्र साहित्यातल्या बोलीला एक मर्यादा असते: लेखक तिरकस वाक्य निवडून ठेवतो, कारण ते वाचायला खुमासदार असते, आणि मग वऱ्हाडी माणूस सदा फटकारतच बोलतो असा समज पसरतो. या कारणाने प्रस्तुत विवेचनातली उदाहरणे साध्या, चव नसलेल्या व्यवहारातून घेतलेली किंवा त्यावर बेतलेली आहेत.

शेवटी उच्चारांविषयी. चिनी शब्द देवनागरीत लिहिताना त्यांचे सूर दाखवलेले नाहीत, आणि ही उणीव लहान नाही, कारण त्या भाषेत बहुतेक प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो आणि तो बदलला की शब्दच बदलतो. बोलणाऱ्याच्या मनोवृत्तीच्या सुरावर हे शब्दसूर स्वार होतात. मोठ्या लाटांवर बारीक तरंग उठावेत तसे हे दोन सूर एकत्र नांदतात, असे चाव यांनी समजावले आहे. त्यामुळे चिनीत धुडकावणीचा बराच भार 'मा', 'नऽ', 'बा' या अंत्य निपातांना उचलावा लागतो. वऱ्हाडीत शब्दाला ठरलेला सूर नसल्याने सगळी हेल काढण्याची मोकळीक वाक्याला आहे. 'कायची' मधला 'का' लांबवला की धुडकावणी होते, आखूड ठेवून 'ची'वर आवाज उंचावला की ती खरी विचारणा ठरते. लिपीत हा फरक उतरत नाही. म्हणून वरील उदाहरणांत धुडकावणीच्या वाक्यांपुढे उद्गारचिन्ह आणि खऱ्या प्रश्नांपुढे प्रश्नचिन्ह असा भेद शक्यतो पाळला आहे, आणि कापसाच्या संवादासारख्या ज्या ठिकाणी बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ हवे असतात तिथे प्रश्नचिन्हच राहू दिले आहे.